गुण : वतन की ठेव?

मनुष्याच्या ठिकाणी जन्मतःच जो एखादा विशेष गुण आढळतो, म्हणजे कोणाचा गळा सुरेल असतो, कोणाच्या हाताला यश असते, कोणाला एकदा ऐकलेले जन्मभर आठवते, तर कोणाला भांडणाऱ्या दोन भावांना पुन्हा एका पंगतीस बसविण्याची हातोटी साधलेली असते, त्या गुणाचा खरा मालक कोण, हा प्रश्न प्रथमदर्शनी अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. ज्याच्या नावे सातबारा त्याचे शेत, तद्वत् ज्याच्या कंठात सूर त्याचे गाणे, असे व्यवहाराचे साधे उत्तर आपल्यापाशी तयार असते; आणि त्याच उत्तरावर आपली शाळा, आपला बाजार व पुष्कळ अंशी आपली घरेही चाललेली आहेत. मुलाच्या ठिकाणी गणिताची बुद्धी दिसली, की त्या बुद्धीपासून त्याला काय प्राप्ती होईल याचा हिशेब वडील मंडळी त्याच दिवशी मांडू लागतात. ती बुद्धी कोणाच्या कामी येईल, यासाठी त्या हिशेबात एकही रकाना राखलेला नसतो. परंतु धर्मचिंतनाच्या दृष्टीने हा प्रश्न अत्यंत गंभीर आहे, आणि गुणाला वतन मानावयाचे की ठेव मानावयाचे, या एका निवडीवर मनुष्याच्या साऱ्या सामाजिक आचरणाची दिशा ठरते, असे माझे मत आहे.

आपल्या प्राचीन परंपरेने या प्रश्नाचा विचार ऋणाच्या भाषेत केला. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्माला येतो असे म्हटले असून, ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फेडावे, असा त्याचा उलगडा केलेला आहे. शतपथ ब्राह्मणाने या विचाराची कक्षा दोन्ही अंगांनी रुंदावली. जो जो म्हणून आहे तो ऋणी म्हणूनच जन्मतो, असे सांगून त्याने एका वर्णापुरती असलेली जबाबदारी मनुष्यमात्रावर आणली, आणि तीन ऋणांच्या जोडीला मनुष्यांचे ऋण हे चौथे सांगितले. हे चौथे ऋण फेडण्याचा मार्गही त्याने अगदी साधा सांगितला आहे: माणसांना राहावयास निवारा द्यावा आणि खावयास अन्न द्यावे. यज्ञविधीच्या सूक्ष्म चर्चेने भरलेल्या त्या ग्रंथात या एवढ्या मोकळ्या, घरगुती वाक्यापाशी वाचक थबकतो. मनुष्य या जगात सावकार म्हणून येत नाही, कर्जदार म्हणून येतो, आणि त्याचे धनको केवळ आकाशात किंवा स्मृतीत नसून दाराशी उभे असतात, हा त्या विचाराचा गाभा आहे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की मिळालेल्या धनाचे ऋण मानणे समजू शकते, पण जो गुण माझ्या रक्तात आहे, त्याचे ऋण कोणाचे? हा आक्षेप बलवान दिसतो, तथापि गुणाच्या घडणीकडे जरा बारकाईने पाहिले तर तो टिकत नाही. गवयाच्या कंठातील मार्दव निसर्गाचे असेल. पण ज्या रागात तो गातो तो राग त्याने निर्माण केलेला नसतो, ज्या तंबोऱ्याच्या सुरात तो आपला सूर मिळवितो तो तंबोरा मिरजेच्या कुठल्या तरी कारागिराने भोपळा निवडून, सुकवून, कोरून घडविलेला असतो, आणि ज्या भाषेत त्याची चीज बांधलेली असते ती भाषा असंख्य अज्ञात आयांनी आपल्या लेकरांच्या तोंडी घातलेली असते. ओवीचा छंद प्रत्येक नव्या कवीला आयता मिळतो. परंतु पहाटेच्या अंधारात जात्याच्या खुंट्याला हात घालून तो छंद पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवणाऱ्या बायांचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. ज्याला आपण उपजत गुण म्हणतो त्यात निसर्गाने दिलेले बीज थोडे आणि समाजाने केलेली मशागत फार, अशी वस्तुस्थिती आहे. असे असता त्या गुणाचे सारे उत्पन्न एकट्याने उचलावे, हे कोणत्या न्यायाला धरून होईल? भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेले परत न देता जो केवळ भोगतो त्याला चोर ठरविले आहे. हा शब्द कठोर आहे. पण गीतेने तो सहेतुक योजिला असावा, कारण त्याच अध्यायात पुढे लोकसंग्रहाची कल्पना येते, आणि मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी आपल्या कर्मयोगाच्या विवेचनाचा फार मोठा भार त्याच कल्पनेवर ठेविला.

इथवरचा विचार ऐकावयास गोड आहे. पण महाराष्ट्रातील मनुष्याने तो एवढ्यावर सोडून चालणार नाही. कारण गुण समाजाच्या सेवेस लावण्याची एक पूर्ण व्यवस्था आपल्या गावांतून शतकानुशतके नांदत होती, आणि तिचा अनुभव आपल्याला चांगला व वाईट असा दोन्ही परींनी आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ या ग्रंथात तिचे जे वर्णन केले आहे, ते ज्याने वाचले असेल त्याला बलुतेदारीचे गुंतागुंतीचे रूप नव्याने सांगण्याची गरज नाही. सुताराने नांगर भरावा, लोहाराने फाळ शेवटावा, कुंभाराने मडकी पुरवावीत, चांभाराने मोट शिवावी, परटाने कपडे धुवावेत, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर प्रत्येकाला त्याच्या वाट्याचे धान्य मिळावे, अशी ती रचना होती. तिच्यात एक गोष्ट निःसंशय मोलाची होती. कसब हे गावाच्या गरजेशी जोडलेले होते, आणि फाळ शेवटण्यासाठी आलेल्या गरीब कुणब्याला, तुझ्याजवळ रोकड नाही म्हणून परत जा, असे सहसा सांगितले जात नसे.

परंतु त्या रचनेच्या पोटात जो दोष होता त्याने तिचा गुण झाकून टाकला. कसब कोणाचे हे मनुष्याच्या स्वभावावरून ठरत नव्हते, त्याच्या जन्मावरून ठरत होते. लोहाराच्या पोटी आलेल्या मुलाला भात्यापेक्षा अक्षरांची ओढ असेल, किंवा कुणब्याच्या मुलीला जखमा बांधण्यात विलक्षण गती असेल, तर त्या ओढीला आणि त्या गतीला गावाच्या व्यवस्थेत स्थान नव्हते. उलट हक्क, मानपान आणि उत्पन्न यांसाठी वतनदारांची भांडणे पिढ्यान्‌पिढ्या चालत, गोतसभा भरत, महजर होत, वतनाची वाटणी होई, ते गहाणही पडे. आणि ज्या कामासाठी ते वतन दिले गेले त्या कामाची आठवण मात्र पुष्कळदा कागदावरच उरे. उच्च वतनांची ही स्थिती, तर खालच्या वतनांची याहून दारुण होती. तेथे हक्क नाममात्र आणि राबणूक अष्टौप्रहर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले ते याच दुःखासाठी. आणि कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. लाहोरच्या परिषदेसाठी सिद्ध केलेल्या, परंतु तेथे न झालेल्या १९३६ च्या आपल्या भाषणात आंबेडकरांनी जातिव्यवस्थेच्या समर्थकांना जे उत्तर दिले आहे, ते प्रस्तुत प्रश्नाच्या मर्मावर बोट ठेवणारे आहे. ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि ती मनुष्याच्या नैसर्गिक पात्रतेवर किंवा त्याच्या निवडीवर आधारलेली नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. गुणांनी समाजाची सेवा करावी असा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने हे उत्तर आधी पचविले पाहिजे; नाही तर त्याच्या उपदेशातून, ज्याने त्याने आपल्या जागी राहून राबावे, एवढाच जुना अर्थ निघेल.

चोखामेळ्याचे चरित्र या संदर्भात मला वारंवार आठवते. ज्याच्या ठिकाणी काव्याची आणि भक्तीची एवढी थोर देणगी होती, त्याला देवळाच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, आणि मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असता भिंत कोसळून तिच्याखाली त्याचा अंत झाला, असे परंपरा सांगते. ते साल १३३८ असे मानले जाते. त्याची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर, म्हणजे मंदिराच्या बाहेर आहे. आणि त्या मंदिराचे दार त्याच्या समाजबांधवांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. समाजाने चोखोबाच्या हातांची वेठ घेतली, त्याच्या वाणीचे अभंगही कालांतराने घेतले, पण त्या मनुष्याला मात्र उंबरठ्याबाहेर ठेवले. गुण घ्यावयाचा आणि गुणी माणूस नाकारावयाचा, हा समाजाच्या हातून घडणारा अपहार गुणवंताने आपला गुण लपविण्याहून अधिक निंद्य आहे, आणि ऋणाचा हिशेब मांडताना समाजाच्या नावावरची ही बाकी विसरता कामा नये.

तेव्हा स्वधर्म याचा अर्थ जन्माने आलेला धंदा असा न करता, आपल्या स्वभावात जे सामर्थ्य आहे त्याला ओळखून केलेले कर्म असा करावा लागतो. संतांच्या कथांमध्ये या अर्थाचा एक अपूर्व दाखला मिळतो. तेर येथील गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली असता, यांतील कच्चे मडके कोणते ते सांगा, असे त्यांना विनविण्यात आले, आणि गोरोबांनी आपली थापटी उचलून एकेकाच्या मस्तकावर हलकेच मारून पाहिली; बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र रागावले, आणि हे मडके कच्चे आहे असा निवाडा झाला. पुढे नामदेव औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले ते या निवाड्यामुळे. या कथेत लोक सहसा नामदेवांच्या अहंकाराकडे पाहतात. मला गोरोबांच्या हाताकडे पाहावेसे वाटते. भाजलेल्या आणि न भाजलेल्या मातीच्या नादातील अंतर ओळखण्याची जी पारख त्यांच्या बोटांत होती, तीच त्यांनी आपल्या मित्रमंडळाच्या हितासाठी वापरली, आणि अप्रिय असले तरी खरे तेच सांगितले. मडकी विकून पोट भरणे हा कुंभाराचा व्यवसाय झाला. परंतु मडक्याच्या परीक्षेतून माणसाच्या परीक्षेपर्यंत जाणारी पारख हा गोरोबांचा गुण, आणि तो त्यांनी समुदायाच्या स्वाधीन केला. खरे सांगणारा मनुष्य ही समाजाची किती मोठी गरज आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या सेवेचे मोल कळेल.

परंतु या साऱ्या तत्त्वचर्चेचे प्रत्यक्ष दर्शन ज्यांच्या आयुष्यात घडते असे पुरुष म्हणजे गाडगे महाराज. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील व्यसनाने लवकर गेले, आणि डेबू, हे त्यांचे बालपणीचे नाव, मूर्तिजापूरजवळ दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखीत व शेती करीत वाढला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेली, तेव्हा निरक्षर कुळाची कागदावर कशी फसवणूक होते याचा त्याने जो अनुभव घेतला, तो पुढे त्यांच्या कीर्तनात आयुष्यभर बोलत राहिला. गावाच्या वतनी हिशेबाने पाहिले तर या मुलाचे स्थान नदीकाठच्या धुण्याच्या दगडापाशी होते. परंतु त्याच्या ठिकाणी निसर्गाने ठेविलेली शक्ती वेगळीच होती, आणि ती म्हणजे समुदायाशी बोलण्याची शक्ती.

त्यांचे कीर्तन ज्यांनी ऐकले त्यांनी करून ठेविलेली वर्णने वाचली, की या शक्तीचे स्वरूप ध्यानात येते. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि एक फुटके गाडगे, अशा वेषात ते गावात शिरत, आणि कोणाशी न बोलता रस्ता झाडू लागत. गटारे मोकळी होत, केराचे ढीग उचलले जात, आणि कुतूहलाने जमलेली माणसे लाजेने का होईना हाती फावडी घेत. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागी कीर्तन उभे राही. पूर्वरंग-उत्तररंगाची शास्त्रोक्त मांडणी त्यात नसे. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना एक साधा प्रश्न विचारीत आणि उत्तराची वाट पाहत. उत्तर आले की त्यातूनच दुसरा प्रश्न काढीत. आणि अशा रीतीने कर्ज काढून लग्न करणे, देवापुढे बकरे मारणे, दारू पिणे, शिवाशिव पाळणे, पोराला शाळेत न घालणे या एकेका गोष्टीचे समर्थन श्रोत्यांच्या स्वतःच्याच तोंडून निखळून पडे. ही पद्धती त्यांना कोणी शिकविली नव्हती. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. ज्ञान वरून ओतण्यापेक्षा ते समोरच्याच्या मुखातून बाहेर काढावे, हे मर्म त्या निरक्षर पुरुषाला उपजत उमगलेले होते, आणि प्रबोधनकार ठाकऱ्यांसारख्या, भोंदूपणावर आयुष्यभर आसूड ओढणाऱ्या लेखकाने त्यांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहावे, यातच त्या पद्धतीच्या सच्चेपणाची पावती आहे.

या वाणीच्या बळावर त्यांच्यापाशी पैशाचा ओघ आला, आणि खरी परीक्षा येथेच होती. त्या पैशाला त्यांनी आपल्या देहासाठी स्पर्श केला नाही. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा झाल्या. आणि पंढरपुरास ज्या यात्रेकरूंना दुसऱ्या कोणत्याही ओसरीवर पाठ टेकू दिली जात नव्हती, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. ती वास्तू पुढे त्यांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. शतपथ ब्राह्मणाने मनुष्यांचे ऋण फेडण्याचा जो उपाय सांगितला, तोच निवारा आणि तेच अन्न, तो ग्रंथ ज्याने कधी उघडला नव्हता आणि उघडता येतही नव्हता अशा पुरुषाने दगडाविटांत उभे केले. या धर्मशाळांवर वतन लावून घेणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी विश्वस्त नेमले, हिशेब त्यांच्या हाती दिला, आणि स्वतः त्या वास्तूत न राहता पुढच्या गावची वाट धरली. वयाच्या ऐंशीव्या वर्षी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वाटेतच त्यांचे देहावसान झाले.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले तेव्हा मागे वृद्ध आई, पत्नी कुंताबाई आणि मुले होती. बाबांच्या वाणीने महाराष्ट्राचे जे कल्याण केले त्याची किंमत प्रथम त्या घराने मोजली, आणि कुंताबाईंच्या नावाने कोणतीही जयंती साजरी होत नाही. लोकसेवेची चरित्रे लिहिताना आपण हा खर्च बहुधा लिहीतच नाही. गुण समाजाला देणाऱ्याच्या मागे उभे राहून, त्याचे नसणे सोसण्याचे सामर्थ्य हाही एक गुणच होय, आणि त्याचे ऋण आपण अद्याप मान्यही केलेले नाही.

विद्येच्या क्षेत्रातील असाच दाखला पंडिता रमाबाईंचा आहे. बालपणी आईवडिलांच्या पायी यात्रेतच त्यांनी संस्कृत आत्मसात केले, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. एवढ्या मानावर एखाद्याचे आयुष्य सुखाने गेले असते. त्यांनी १८८९ साली शारदा सदन काढले, आणि पुढे दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना गोळा करून केडगावी मुक्तिसदनात आणले. उत्तर आयुष्यात भाषेची ती अलौकिक गती त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकण्याकडे वळविली, ती पंडितांच्या सभेसाठी नव्हे, तर आपल्या ख्रिस्ती श्रद्धेचा ग्रंथ अल्पशिक्षित बायांना कळेल अशा सोप्या मराठीत आणण्यासाठी. आणि त्याच्या छपाईचे कामही मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले. त्यांच्या धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो, आश्रित म्हणून आलेल्या मुलीच्या हाती खिळे जुळविण्याची कला देणारी विद्वत्ता आपल्या इतिहासात विरळा आहे.

तथापि अशा थोर व्यक्तींची उदाहरणे दिल्याने एक अपाय होतो. सामान्य वाचक मनाशी म्हणतो, की बाबांची वाणी किंवा रमाबाईंची बुद्धी माझ्यापाशी कोठे आहे? गुण म्हणजे गाणे, काव्य, वक्तृत्व असाच आपला समज झालेला असतो. परंतु समाजाला ज्या गुणांची नित्य निकड असते त्यांतील पुष्कळ गुणांना नावही नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी भराभर उतरून घेतली म्हणून पुस्तकरूपाने आपल्याला मिळाली. दुसऱ्याचा विचार त्याच्याच शब्दांत, आपले काही न मिसळता टिपून घेणे हा गुण कोणत्याही स्पर्धेत कधी गौरविला जात नाही. आजाऱ्याच्या उशाशी न बोलता बसता येणे, मयताच्या घरी कोणती गोष्ट आधी करावयाची हे सुचणे, रडणाऱ्या मुलाला तिऱ्हाईताच्या कडेवरही शांत करता येणे, हे सारे गुणच आहेत, आणि गरज पडेपर्यंत ते ज्याचे त्यालाही ठाऊक नसतात.

आमच्या तालुक्याच्या गावी एक निवृत्त अव्वल कारकून आहेत. बाजारच्या दिवशी सकाळी तहसील कचेरीच्या आवारातील लिंबाच्या पारावर ते पॅड, कोरे कागद आणि शाईचे पॅड घेऊन बसतात. नोकरीत असता, प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचण्याच्या सवयीपायी ते संथ म्हणून ओळखले जात. आज तीच सवय साऱ्या तालुक्याच्या उपयोगी पडते आहे. एकदा मी शेजारी बसलो असता एक तरुण विधवा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद घेऊन आली: नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, जुना सातबारा, शिधापत्रिका, सोसायटीच्या कर्जाचे पुस्तक. सोबत दीर होता, आणि बोलत तोच होता. कारकूनसाहेबांनी कागद बाजूला ठेवून आधी तिलाच विचारले, “बाई, लेकरं किती? मुली किती?” मग दिराकडे वळून शांतपणे म्हणाले, “दादा, वारसाच्या अर्जात बायकोचं नाव येतं, मुलाचं येतं आणि मुलींचंही येतं. एक नाव गाळलं तरी उद्या फेरफार अडतो.” आवाज चढला नाही, कोणाचा अपमान झाला नाही. सहा-कच्या नोंदवहीत वारस कसे चढतात, फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस कसे असतात, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करीतोवर काय सांभाळावयाचे, हे त्यांनी तिला तिच्याच शब्दांत परत म्हणावयास लावले. अर्जाची पक्की प्रत मात्र त्यांनी स्वतः लिहिली नाही. तिचा आठवीतला मुलगा बरोबर होता, त्याच्याकडून ती लिहवून घेतली, सबंध मोठ्याने वाचून दाखविली, आणि मगच बाईचा अंगठा घेतला. उठताना बजावले, “पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.” बाईने पदराची गाठ सोडली, तेव्हा त्यांनी नुसता हात आडवा केला आणि पुढच्या माणसाला जवळ बोलाविले.

मुलाच्या हातून अर्ज लिहविण्याची ती कृती मला साऱ्या घटनेत अधिक महत्त्वाची वाटली. परोपकाराला जडणारा मोठा रोग म्हणजे उपकार घेणाऱ्याला कायमचा याचक करून ठेवणे. मदत करणाऱ्याला आपल्या मदतीची चटक लागते, दारात माणसे ताटकळलेली पाहून त्याला समाधान वाटू लागते, आणि न कळत त्याच्या गुणाचे पुन्हा वतन होते. ज्या घरात काल अर्ज लिहिणारा कोणी नव्हता त्या घरात उद्या तो निघाला, तर कारकूनसाहेबांची ठेव वाढली. त्यांच्या पारावरची गर्दी मात्र तेवढी कमी झाली, आणि ती कमी झालेली पाहून ज्याला आनंद होतो त्याच्याच हाती गुणाची ठेव सुरक्षित आहे.

पोटाच्या प्रश्नाविषयी थोडेच सांगतो, कारण तो वाटतो तितका कठीण नाही. अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, आणि वारकरी परंपरेने त्यांना कमी लेखले नाही. चरितार्थ ज्याचा त्याने चालवावा, आपल्या कामाचे वाजवी दाम घ्यावे, आणि गुणाचा एक भाग मात्र ज्यांच्यापाशी दाम नाही त्यांच्यासाठी राखून ठेवावा, यापेक्षा अधिक त्याग धर्मही प्रत्येकाकडून मागत नाही.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. येत्या बाजारच्या दिवशी आपापल्या तालुक्याच्या कचेरीत, किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात, तासभर थांबून पाहावे. केसपेपर कोठे काढावयाचा हे विचारावयास संकोचणारी म्हातारी माणसे तेथे भिंतीला टेकून उभी असतात. ज्यांना अक्षर येते त्यांनी लेखणी घेऊन जावे, ज्यांना वाट विचारता येते त्यांनी कोणाच्या तरी सोबत खिडकीपर्यंत चालावे, आणि ज्यांना यांतले काहीच साधत नाही असे वाटते त्यांनी नुसते शेजारी बसून पाहावे. खिडकी अकराला उघडते. माणसे आठपासून आलेली असतात.